पहिली कौटुंबिक क्रूझ आणि रिसॉर्टमधील मुक्काम : कमी खर्चात आखणी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझ आणि रिसॉर्ट, दोन्ही एकाच सहलीत करणे खरोखर परवडते का?

परवडते. मात्र त्यासाठी एकच गोष्ट दोनदा विकत न घेण्याचे पथ्य पाळावे लागते. बंदरापर्यंत जाण्यायेण्याचा प्रवासखर्च हा बहुतेक कुटुंबांच्या अंदाजपत्रकातला सर्वांत जड भाग असतो. तो एकदा केल्यावर त्याच भागात आणखी काही दिवस राहिल्यास प्रवासखर्च अधिक दिवसांवर विभागला जातो, आणि दोन वेगळ्या सहलींपेक्षा ही एकत्र सहल स्वस्त पडते.

पण जहाजाच्या भाड्यात काय काय येते ते नीट पाहावे. खोली, दिवसभराचे जेवणखाण, पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम, मुलांचा क्लब आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेण्याचा प्रवास हे सगळे त्यात धरलेले असते. असे चार दिवस घालवून झाल्यावर पुन्हा मोठा तलाव, घसरगुंड्या आणि तिन्ही वेळचे जेवण देणारे महागडे रिसॉर्ट घेतले, तर नुकत्याच उपभोगलेल्या सोयींसाठी कुटुंब दुसऱ्यांदा पैसे मोजते. म्हणून दोहोंपैकी मुख्य काय, हे घरात आधी ठरवून घ्यावे. मुलांचा जीव थीम पार्कमध्ये अडकला असेल तर रिसॉर्टवर खर्च करावा आणि क्रूझ छोटी, साध्या केबिनमधली घ्यावी. समुद्रप्रवास हेच आकर्षण असेल तर जमिनीवरचा मुक्काम स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची सोय असलेल्या साध्या जागेत करावा. दोन्हीकडे मधला दर्जा निवडला तर खर्च वाढतो आणि मन कुठेच भरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रिसॉर्टमध्ये राहावे की आधी जहाजावर जावे?

पहिल्या खेपेला आधी रिसॉर्टमध्ये राहावे. कारण अगदी व्यावहारिक आहे. विमान उशिरा पोहोचले, सामान मागे राहिले किंवा पहिल्याच दिवशी एखाद्या मुलाला ताप आला, तरी रिसॉर्ट जागेवरच असते आणि फार तर एका रात्रीचे नुकसान होते. जहाज मात्र ठरल्या वेळी सुटते आणि कोणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या वेळेच्या तास-दीड तास आधीच प्रवाशांना आत घेणे बंद होते, आणि त्यानंतर पोहोचलेल्या कुटुंबाला भाडे सहसा परत मिळत नाही. पुढच्या बंदरात जाऊन जहाज गाठायचे तर तो खर्च स्वतःचा, आणि कागदपत्रांच्या अडचणींमुळे कधीकधी तेही शक्य नसते.

याखेरीज थकव्याचाही विचार करावा. थीम पार्क किंवा शहरदर्शनाचे दिवस चालण्याचे आणि रांगांचे असतात. त्यानंतर जहाजावर गेल्यास मोठ्यांना खऱ्या अर्थाने विसावा मिळतो, कारण तेथे ना स्वयंपाक असतो, ना गाडी चालवणे, ना रोजची आवराआवर. शिवाय लांबच्या विमानप्रवासानंतर मुलांच्या झोपेची घडी बसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ते रिसॉर्टमध्ये गेलेले बरे.

उलटा क्रम एकाच परिस्थितीत योग्य ठरतो. सुट्टीच्या तारखांमुळे हवी ती क्रूझ सुरुवातीलाच येत असेल तर तशी आखणी करावी, पण किमान एक रात्र आधी बंदराच्या गावी पोहोचावे. ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशीचे विमान स्वस्त मिळते म्हणून घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पहिल्या वेळी किती रात्रींची क्रूझ निवडावी?

सोबत रिसॉर्टचा मुक्काम असेल तर चार किंवा पाच रात्री पुरतात. तीन रात्रींच्या क्रूझमध्ये पहिल्या दिवशी दुपारी जहाजावर चढायचे असते आणि शेवटच्या दिवशी सकाळी न्याहारी होताच उतरायचे असते, त्यामुळे हाती पूर्ण दिवस दोनच लागतात. जहाजाची ओळख होते न होते तोच सामान बांधायची वेळ येते. सात रात्रींच्या क्रूझचा प्रत्येक रात्रीमागचा दर पुष्कळदा कमी असतो हे खरे, पण एकूण रक्कम मोठी होते आणि समुद्र मानवतो की नाही हे माहीत नसताना मुलांना आठवडाभर जहाजावर ठेवणे जोखमीचे वाटते. छोट्या क्रूझवर अनेकदा कंपन्यांची जुनी जहाजे असतात. त्यावर आकर्षणे कमी असली तरी पहिल्या अनुभवाला ती उत्तम चालतात आणि तुलनेने लहान असल्यामुळे मुलांना वाटा लवकर पाठ होतात.

जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष खर्च यांत एवढा फरक का पडतो?

जाहिरातीत छापलेला आकडा बहुधा माणशी असतो आणि तो एका केबिनमध्ये दोघे राहणार असे गृहीत धरून काढलेला असतो. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या व्यक्तीला सहसा कमी भाडे पडते, आणि काही हंगामांत मुलांचे मूळ भाडे माफही केले जाते. पण कर आणि बंदरशुल्क प्रत्येक प्रवाशामागे द्यावेच लागते, अगदी तान्ह्या बाळालाही. म्हणून ‘मुले मोफत’ या शब्दांवर न थांबता चौघांची अंतिम बेरीज पडद्यावर येईपर्यंत बुकिंगच्या पायऱ्या पुढे नेऊन पाहाव्यात. एकच पालक एका मुलाला घेऊन जात असेल, तर मूल दुसरी व्यक्ती म्हणून धरले जाते आणि त्याला बहुधा पूर्ण भाडे पडते. अशा कुटुंबांनी हा हिशेब आवर्जून आधी करावा.

दुसरा मोठा भाग टिपांचा आहे. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांसाठीची टिप माणशी, दररोज, आपोआप खात्यावर लावतात आणि ती मुलांनाही लागू होते. चार जण पाच रात्री गेले तर वीस वेळा ती रक्कम धरावी लागते. स्वस्तातल्या छोट्या क्रूझमध्ये कर, बंदरशुल्क आणि टिपा मिळून मूळ भाड्याच्या निम्म्याहून अधिकही होऊ शकतात. टिप आधीच भरण्याची सोय असेल तर ती घ्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून धक्का बसत नाही.

उरलेले वरकड खर्च आपल्या हातातले आहेत : शीतपेये आणि मद्य, इंटरनेट, खास उपाहारगृहे, छायाचित्रे, स्पा, रात्री उशिरा मुलांना सांभाळण्याची सेवा. मुख्य भोजनकक्ष आणि बुफे भाड्यातच येत असल्यामुळे खास उपाहारगृहांची पहिल्या क्रूझला अजिबात गरज नसते. पेयांच्या पॅकेजचा एक नियम मात्र लक्षात ठेवावा : अनेक कंपन्यांमध्ये एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावे लागते. जहाजावर रोख रक्कम चालत नाही. केबिनच्या कार्डावर खर्च नोंदवला जातो आणि तो तुमच्या बँककार्डाशी जोडलेला असतो. डेबिट कार्ड जोडल्यास काही रक्कम अनेक दिवस अडकवून ठेवली जाते, म्हणून शक्यतो क्रेडिट कार्ड द्यावे, आणि मुलांच्या कार्डांवरून खरेदी होणार नाही अशी व्यवस्था स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

रिसॉर्टचेही असेच पाहावे. रोजचे रिसॉर्ट शुल्क, वाहनतळाचे भाडे, स्थानिक कर आणि न्याहारी हे दराबाहेर असू शकतात. दोन्हीकडचे सगळे आकडे मांडून माणशी, प्रत्येक रात्रीमागे किती पडते हे काढले, की कोणती ऑफर खरी स्वस्त आहे ते लगेच कळते.

चौघांना एक केबिन पुरते का?

पुरते, पण ते कसे पुरते हे आधी डोळ्यांसमोर आणावे. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली केबिन साधारण १५० ते १८५ चौरस फुटांची असते. मोठ्यांचा पलंग बहुतेक जागा व्यापतो. संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की कर्मचारी छतात किंवा भिंतीत मिटवलेल्या वरच्या खाटा खाली उतरवतो, त्यांना छोटी शिडी लावतो, आणि परत येऊन पाहावे तर उभे राहायलाही जेमतेम जागा उरलेली असते. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या, आंघोळी पाळीपाळीने उरकायच्या आणि दिवे एकाच वेळी मालवायचे, एवढी शिस्त पाळली की पाच रात्री मजेत जातात. वरच्या खाटेला कठडा असतो, तरी अगदी लहान मुलांना खालीच झोपवावे.

बाल्कनीचा मोह मोठा असतो. तान्हे मूल दुपारी दोन तास झोपत असेल आणि एका पालकाला केबिनमध्येच बसावे लागणार असेल, तर बाल्कनीवरचा खर्च सार्थकी लागतो. शाळकरी मुलांच्या कुटुंबाने मात्र आतली किंवा खिडकीची केबिन घ्यावी, कारण ते कुटुंब झोपेपुरतेच खोलीत येते. काही जहाजांवर शेजारच्या दोन आतल्या केबिन एका बाल्कनी केबिनपेक्षा फारशा महाग पडत नाहीत आणि दोन स्नानगृहे मिळतात. आतून दरवाजा जोडलेला असेल तर पाच जणांच्या कुटुंबाला ही व्यवस्था सर्वांत सोयीची.

बुकिंग केव्हा करावे? शेवटच्या क्षणी स्वस्त मिळते का?

शेवटच्या क्षणीची सवलत मुख्यतः सुटसुटीत जोडप्यांच्या कामाची असते. कुटुंबांच्या बाबतीत एक अडचण आड येते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. जहाजावरची प्रत्येक केबिन आणीबाणीत जमण्याच्या विशिष्ट ठिकाणाशी आणि जीवनौकांशी जोडलेली असते. त्यांची क्षमता ठरलेली असल्यामुळे, एका भागात तिघाचौघांच्या केबिन भरत गेल्या की पुढे तेथे केबिन रिकामी असूनही तीत तिसरा प्रवासी घेता येत नाही. शाळांच्या सुट्ट्यांत चौघांच्या केबिन म्हणूनच सर्वांत आधी संपतात. सुट्टीतच जायचे असेल तर आठ ते बारा महिने आधी बुकिंग करणे शहाणपणाचे.

लवकर बुकिंग केल्यास भाव उतरल्याचा फायदाही घेता येतो. बहुतेक कंपन्या सुरुवातीला आगाऊ रक्कम घेतात आणि उरलेले पैसे सुटण्याच्या साधारण दोन ते चार महिने आधी मागतात. त्या अंतिम तारखेपर्यंत तीच केबिन कमी दरात दिसली, तर नवा दर लावून देण्याची विनंती करता येते, आणि पुष्कळ कंपन्या ती मान्य करतात. मात्र आगाऊ रक्कम परत मिळणारी आहे की नाही, हे आधी पाहावे. परत न मिळणारी अनामत थोडी स्वस्त असली तरी लहान मुले असलेल्या घराने ती टाळावी. जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांच्या सवलतींचा नेहमीचा काळ असतो.

सर्वांत कमी दर शाळा सुरू असतानाच्या आठवड्यांत मिळतात. कॅरिबियन भागात सप्टेंबर विशेष स्वस्त असतो, परंतु अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा ऐन भर सप्टेंबरच्या आसपास येतो. अशा वेळी जहाज वादळाला वळसा घालून जाते, म्हणजे सुरक्षित राहते, पण ठरलेली बंदरे बदलू शकतात. एका विशिष्ट बेटासाठीच सहल ठरवली असेल तर हा काळ निवडू नये.

आरक्षणाचा क्रम कसा असावा?

आधी क्रूझ, मग विमान, शेवटी रिसॉर्ट. क्रूझची तारीख बदलत नाही, विमानांना पर्याय असतात आणि रिसॉर्टचे आरक्षण रद्द करता येण्याजोग्या दराने घेऊन नंतर बदलताही येते.

बंदर आणि रिसॉर्ट यांच्यातील अंतर किती असावे?

हा प्रश्न नकाशा उघडूनच सोडवावा, कारण जाहिरातीतले शहर आणि प्रत्यक्ष बंदर यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. रोमहून सुटणारी क्रूझ म्हणजे बहुधा चिवितावेक्किया येथून सुटणारी, आणि ते रोमपासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. लंडनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक क्रूझ साउदॅम्प्टनहून निघतात, ते सुमारे १३० किलोमीटरवर आहे. पॅरिससाठी सांगितले जाणारे ल आव्हर बंदर तर जवळपास २०० किलोमीटरवर आहे. याउलट अथेन्सचे पिरिअस बंदर शहराला लागूनच आहे, आणि सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंट येथील क्रूझ केंद्र सेंटोसा या रिसॉर्टच्या बेटासमोरच आहे. फ्लोरिडातील पोर्ट कॅनाव्हरल हे ऑर्लँडोच्या थीम पार्कांपासून गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे क्रूझ आणि रिसॉर्ट जोडणाऱ्या कुटुंबांचे ते आवडते ठिकाण झाले आहे.

अंतर तासाभरापेक्षा जास्त असेल तर रिसॉर्टमधील शेवटची रात्र सोडून ती बंदराजवळच्या साध्या हॉटेलात काढावी. क्रूझ कंपनीची बस माणशी दर लावते, त्यामुळे चौघांसाठी खासगी गाडी पुष्कळदा स्वस्त पडते. दोन्ही दर विचारूनच ठरवावे. रिसॉर्टसाठी भाड्याने घेतलेली मोटार जहाजावर चढण्यापूर्वीच परत करावी, म्हणजे समुद्रावर असताना तिचे भाडे आणि वाहनतळ असा दुहेरी भुर्दंड बसत नाही.

कोणत्या वयाच्या मुलांना नेता येते?

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालील बाळांना घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या, सलग अनेक दिवस समुद्रातच राहणाऱ्या प्रवासांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची असते. मुलांचे क्लब साधारण तीन वर्षांपासून सुरू होतात आणि मुलाला डायपर लागत नसावे अशी अट असते. डायपरमधल्या मुलांना जहाजाच्या मुख्य तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचे खास डायपर असले तरीही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा असते. म्हणून दीड-दोन वर्षांच्या मुलासह जाणाऱ्यांनी तलावाची मजा रिसॉर्टमध्ये घ्यायची असे धरून चालावे. तलावापाशी जीवरक्षक सगळ्याच जहाजांवर नसतात, त्यामुळे पाण्यात असलेल्या मुलावरून नजर हटवू नये.

खर्चाचा विचार केला तर मूल तीन वर्षे पूर्ण करीपर्यंत थांबणे सर्वांत फायद्याचे, कारण क्लबची सोय भाड्यातच असते आणि पालकांनाही रोज दोन-तीन मोकळे तास मिळतात.

बोट लागली तर काय करावे?

मोठ्या जहाजांना हेलकावे कमी करणारे पंख असतात, त्यामुळे शांत हंगामात बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. तरी मन साशंक असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. तेथे हालचाल सर्वांत कमी जाणवते, आणि सुदैवाने खालच्या मजल्यावरच्या केबिन बहुधा स्वस्तही असतात. मळमळ सुरू झाल्यास उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, पुस्तक आणि मोबाईल बाजूला ठेवावे, पोट रिकामे ठेवू नये. औषध त्रास सुरू होण्यापूर्वी घेतले तरच चांगले लागू पडते. मुलांसाठी कोणते आणि किती हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून सोबत घ्यावे, कारण जहाजावरच्या दवाखान्याचे शुल्क जबर असते. जहाजांवर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरससाठी हातांवर नुसते सॅनिटायझर पुरेसे नसते. जेवणापूर्वी साबण आणि पाण्याने हात धुण्याची सवय मुलांना सहलीआधीच लावावी.

कागदपत्रे आणि विमा यांबाबत काय काळजी घ्यावी?

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली असावी, कारण अनेक देशांत ही अट असते. व्हिसाबाबत क्रूझची एक खासियत आहे. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात जाते आणि पुन्हा पहिल्या देशात येते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो दुसरा प्रवेश असतो. शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून परत येणाऱ्या क्रूझसाठी म्हणूनच एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. क्रूझनंतर रिसॉर्टचा मुक्काम असेल तर हे विशेष तपासावे. मुलासोबत एकच पालक किंवा आजीआजोबा जात असतील, तर अनुपस्थित पालकांचे संमतिपत्र जवळ ठेवावे.

काटकसरीच्या नादात प्रवासविमा मात्र गाळू नये. जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च एखाद्या कुटुंबाची वर्षांची बचत धुऊन काढू शकतो, म्हणून पॉलिसीत क्रूझ आणि आणीबाणीत हलवण्याचा खर्च या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे याची खात्री करून घ्यावी.

जहाजावर चढण्याच्या दिवशी काय घडते?

ऑनलाइन चेक-इन खुले होताच लवकरची वेळ निवडावी. दुपारचे जेवण भाड्यातच असल्यामुळे बाराच्या सुमारास चढणाऱ्या कुटुंबाचे एक जेवण वाचते. बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठ्या लावून हमालांच्या ताब्यात जातात आणि केबिनच्या दारापाशी थेट संध्याकाळीच दिसतात. तोवर मुले तलावाकडे धावलेली असतात आणि त्यांचे पोहण्याचे कपडे नेमके त्या बॅगांत अडकलेले असतात. म्हणून पोहण्याचे कपडे, औषधे, पासपोर्ट, चार्जर आणि बाळाचे खाणे एका पाठपिशवीत वेगळे ठेवावे. इस्त्री, किटली, मेणबत्त्या आणि बहुतेक एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतले जातात.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षा सराव असतो आणि तो टाळता येत नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कोर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१५ पासून हा सराव सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपले जमण्याचे ठिकाण कोणते हे प्रत्येक मुलाकडून म्हणवून घ्यावे, आणि लहानांसाठी त्यांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे केबिनमध्ये नसतील तर तेव्हाच मागून घ्यावीत.

बंदरांवरच्या सहली कंपनीकडून घ्याव्यात की स्वतः कराव्यात?

जहाज गावाला लागूनच उभे राहत असेल आणि समुद्रकिनारा जवळ असेल, तर स्वतः फिरावे. चौघांचे मिळून बरेच पैसे वाचतात. ठिकाण दोन तास आत असेल तर कंपनीची सहल घ्यावी, कारण ती उशिरा परतली तरी जहाज थांबते. स्वतः फिरताना जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ वेगळी असू शकते हे ध्यानात ठेवून एक घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावावे. काही ठिकाणी जहाज दूर नांगरून प्रवाशांना छोट्या होड्यांतून नेतात, तेथे बाबागाडी आणि चाकाची खुर्ची नेणे कठीण जाते. एखाद्या बंदरात खाली न उतरणे हाही चांगला पर्याय आहे. त्या दिवशी जहाजावर गर्दी नसते, आणि घसरगुंडीवर मुलांना रांग लावावी लागत नाही.

फोन आणि इंटरनेटचे काय?

किनारा सुटताच फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर तो जहाजावरच्या महागड्या समुद्री नेटवर्कला जोडला जातो. कंपनीचे ॲप जहाजाच्या वाय-फायवर बहुधा मोफत चालते आणि रोजचे कार्यक्रम त्यावरच कळतात. इंटरनेट घ्यायचेच असेल तर एका फोनपुरते घ्यावे.

परतीच्या दिवसाची आखणी कशी करावी?

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे सकाळचे कपडे आणि कागदपत्रे बाजूला काढून ठेवावीत. आपले सामान आपणच घेऊन उतरणाऱ्यांना सर्वांत आधी सोडतात, पण लहान मुले आणि चार बॅगा असतील तर ही घाई करू नये. जहाज सकाळी लवकर धक्क्याला लागले तरी धुके, गर्दी आणि इमिग्रेशनच्या रांगा यांमुळे बाहेर पडायला दहा वाजू शकतात. परतीचे विमान दुपारी बारानंतरचेच घ्यावे, आणि विमानतळ दूर असेल तर दोन-तीननंतरचे. क्रूझनंतर रिसॉर्टला जायचे असल्यास तेथील खोली साधारण तीनपर्यंत मिळत नाही. सामान ठेवून घेण्याची आणि तलाव वापरू देण्याची विनंती ईमेलने आधीच करून उत्तर जवळ ठेवावे.